लखोट्यातले तीन आकडे

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन ‘व्होस्तोक’ यानातून पृथ्वीभोवती फेरी मारून १०८ मिनिटांत परत आला, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. पण त्या फेरीत यान त्याने चालवलेच नव्हते, हे मला कळले ते डॉक्टरेट पदरात पडल्यावर!

सारी यंत्रणा स्वयंचलित होती. यान हाताने वळवण्याची सोय होती, परंतु तिला कुलूप होते. वजनविरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. भ्रमिष्ट होऊन त्याने भलतेच काही केले तर? म्हणून १-२-५ हे आकडे दाबल्याशिवाय हाताचे नियंत्रण सुरू होणार नाही अशी व्यवस्था केली आणि ते आकडे यानातच बंद लखोट्यात ठेवले. जो लखोटा फोडून, वाचून आकडे बरोबर दाबेल तो शुद्धीवर आहे, असा हिशेब. (जीव टांगणीला लागलेल्या माणसाला लखोटा शोधायला लावणे मला तरी पटत नाही.) तिथल्या लोकांनाही ते पटले नसावे. ओलेग इव्हानोव्स्की या अभियंत्याने यानाच्या दाराशी गागारिनला हळूच ते आकडे सांगितले, तर ते त्याला आधीच कळलेले होते!

एका कारखान्याच्या नियंत्रण-प्रणालीत ऑपरेटरने ढवळाढवळ करू नये म्हणून मीही असेच कुलूप घातले होते. महिन्याने गेलो तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला. मी रागावलो. पण मध्यरात्री काही बिघडले असते तर मी थोडाच तिथे असणार होतो?

गागारिनला त्या आकड्यांची गरज पडली नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये टिटोव्हने यान हाताने वळवून पाहिले. खरी कसोटी लागली ती मार्च १९६५ मध्ये, ‘व्होस्खोद-२’च्या वेळी. १८ तारखेला लिओनोव्ह १२ मिनिटे यानाबाहेर तरंगला. त्याचा पोशाख इतका फुगला की आतली हवा थोडी सोडून देऊन त्याला कसेबसे आत शिरावे लागले. दुसऱ्या दिवशी परतताना स्वयंचलित यंत्रणेनेच दगा दिला.

खाली उतरायचे तर यानाचे इंजिन वेगाच्या उलट दिशेला रोखून पेटवावे लागते. दिशा पाहण्याचे उपकरण आसनांशी काटकोनात होते, म्हणून बेल्यायेव्ह आसनांवर आडवा झाला आणि लिओनोव्हने त्याला धरून ठेवले. दिशा साधल्यावर दोघे आपापल्या जागी परतले, कारण वजन एका बाजूला राहिले तर यान भरकटते. मग इंजिन पेटले. या साऱ्यात पाऊण मिनिट उशीर झाला. सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग असताना पाऊण मिनिट म्हणजे साडेतीनशे किलोमीटर!

यान पेर्मजवळच्या बर्फाळ अरण्यात पडले. झाडी इतकी दाट की हेलिकॉप्टर उतरेना. दोन रात्री तिथे काढून, २१ मार्चला दोघे स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत पोहोचले.