दोन बेटांमधलं अंतर

मुंबईचा विमानतळ एका बेटावर आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सहार-सांताक्रूझ हा भाग साष्टी बेटावर येतो. वसईची खाडी, उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांनी हे बेट मुख्य भूमीपासून वेगळं केलं आहे. आमची भिवंडी पलीकडच्या काठावर. कशेळीचा पूल ओलांडला की आम्ही बेटावर येतो.

बहरीनचा विमानतळही मुहर्रक नावाच्या बेटावरच आहे. लंडन-कराची मार्गावरची विमानं तिथे १९३२ पासून उतरू लागली. भिवंडी-ठाण्याकडची कितीतरी मुलं पोटापाण्यासाठी आखातात गेली. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच एक.

या दोन बेटांमधलं हवाई अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने गेलं, तर तीन तास. पण आकाशातही वारा असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ७२० वर येतो आणि तीन तास वीस मिनिटं लागतात. परत येताना तोच वारा पाठीशी असतो. मग पावणेतीन तासांत काम होतं. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांत थोडा वेळ जातोच.

घड्याळाची गंमत वेगळी. बहरीन आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मुंबईहून सकाळी सहाला निघून साडेतीन तास प्रवास केला, तर तिथे सातच वाजलेले असतात. येताना मात्र ते अडीच तास परत द्यावे लागतात.

हा हिशेब मला पाठ होता. म्हणूनच माझी चूक झाली. २००४ च्या जानेवारीत अब्बा पहाटे वारले. भावाला फोन केला. त्याला तिथल्या सकाळी नऊच्या, म्हणजे आपल्या साडेअकराच्या विमानाचं तिकीट मिळालं. मी वडीलधाऱ्यांना ठामपणे सांगितलं, ‘अडीचला उतरेल. जनाज्याची नमाज असरनंतर ठेवू, तोवर तो सहज पोचेल.’

विमान वेळेवर उतरलं. पण मी फक्त आकाश मोजलं होतं. पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी हे काहीच मी धरलं नव्हतं. विमानतळापासून भिवंडी रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर. ठाण्यापर्यंत तो कसाबसा आला आणि कशेळीच्या पुलाआधी ट्रकच्या रांगेत अडकला. इकडे असर झाली. लोक खोळंबले होते, दफनाला उशीर करू नये असा आमचा रिवाज. कबरीवर माती पडली. भाऊ पोचला तेव्हा मगरिबची अजान चालू होती.

तो मला काही बोलला नाही. ‘तीन तासांचं तर अंतर,’ एवढंच पुटपुटला.

आता आखातातल्या कुणासाठी घरचे थांबले असतील आणि मला वेळ विचारली, तर मी दारापासून दारापर्यंतची सांगतो. विमानाचे तीन-साडेतीन तास. निघण्याआधी विमानतळावर तीन तास. उतरल्यावर बाहेर पडायला एक तास. आणि खाडी ओलांडून घरी यायला आणखी दोन-अडीच तास. समुद्र ओलांडायला लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ खाडी ओलांडायलाही लागू शकतो. तो आधीच मोजा.