शर्यतीच्या मोटारीचा ड्रायव्हर

मोटार चालवणारी माणसे आता गावोगाव आहेत. कोणी एस्टी चालवतो, कोणी ट्रक, कोणी ट्रॅक्टर. कोणी टेम्पोत भाजी भरून पहाटे बाजार गाठतो. पण मोटारींची शर्यत हाच ज्याचा धंदा, तो माणूस हे काम शिकतो कुठे? त्याचे पोट त्यावर भरते कसे? आणि हात चांगला असला म्हणजे सगळे भागते का? हे आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

ही शर्यत कोणती?

अमेरिकेत 'स्टॉक कार' नावाची शर्यत फार लोकांना आवडते. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. सुरुवातीला या शर्यतीत दुकानातून आणलेली साधी मोटारच पळवीत, म्हणून हे नाव पडले. आज मात्र ही मोटार बाहेरून तेवढी साधी दिसते. आतून ती खास शर्यतीसाठी बांधलेली असते. तिचे दार उघडत नाही. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो!

या शर्यतीचे मूळ मोठे गमतीचे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात डोंगरात हातभट्ट्या चालत. ती चोरटी दारू रात्री मोटारीतून शहरात न्यायची. मागे पोलीस लागायचे. मग हे लोक आपल्या मोटारीचे इंजिन सुधारीत, मागच्या स्प्रिंगा भक्कम करीत आणि वळणावळणांच्या रस्त्यावर वाऱ्यासारखे पळत. पुढे त्यांच्यांत पैज लागू लागली, की सर्वांत वेगवान मोटार कोणाची? शेताच्या कडेला रिंगण आखून शर्यती होऊ लागल्या.

1948 साली बिल फ्रान्स नावाच्या माणसाने पुढाकार घेऊन या शर्यतींची एक संस्था काढली. तिचे नाव नॅसकार. संस्थेने नेम घालून दिले. 1949 साली शार्लट शहरात साध्या मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली. जो पहिला आला, त्याच्या मोटारीच्या स्प्रिंगा दारू वाहणाऱ्या मोटारीसारख्या बदललेल्या निघाल्या. त्याला बाद केले, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गड्याला पहिला ठरवले.

पायरी पायरीने वर

आता ड्रायव्हर कसा घडतो ते पाहू.

पहिली पायरी लहानपणीच. कार्ट नावाची अगदी छोटी गाडी असते. तिला टप नाही, दारे नाहीत. पाच-सहा वर्षांची पोरेही ती चालवायला शिकतात. दुसरी पायरी गावच्या रिंगणाची. शनिवारी रात्री आसपासची माणसे आपापल्या मोटारी घेऊन येतात. इथे बक्षीस थोडे, पण शिकायला फार मिळते. वळणावर वेग किती धरावा, दोन मोटारींच्या फटीतून कसे निघावे, टायर कसे जपावे, हे तिथेच कळते.

त्यानंतर मोठ्या भागाच्या शर्यती, मग ट्रकच्या शर्यती, मग त्यावरची एक पायरी, आणि सर्वांत वर 'कप' नावाची शर्यतमाला. ट्रक म्हणजे आपला मालट्रक नव्हे बरं का! मागे उघडा हौदा असलेली ती छोटी गाडी. आपल्या देशातल्या कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन 2010 साली व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सव्हिल इथे अशा ट्रकच्या शर्यतीत उतरला होता. तो तेरावा आला.

कप शर्यतीला वयाची अठरा वर्षे पुरी लागतात. नुसते वय पुरत नाही. आधीच्या शर्यतींत तुम्ही कसे चालवले ते पाहून संस्था परवानगी देते. नव्या ड्रायव्हरच्या मोटारीला मागे पिवळा पट्टा असतो. तो पाहून बाकीचे ओळखतात, की हा गडी नवा आहे, जरा सांभाळून.

एकट्याचे काम नव्हे

वरच्या पायरीवर मोटार बहुधा ड्रायव्हरची नसते. ती मालकाची. मालक करार करून ड्रायव्हर ठेवतो, पगार देतो, बक्षिसातला वाटा देतो. मालकाला पैसा मिळतो जाहिरातीतून. कोणी साबणवाला, कोणी तेलवाला आपले नाव मोटारीवर रंगवून घेतो आणि त्याचे पैसे भरतो. म्हणून पुष्कळदा नव्या पोराला असेच विचारतात, "जाहिरातदार कोण आणलास?" हात चांगला, पण पाठीशी पैसा नाही, अशी कितीतरी पोरे खालच्याच पायरीवर राहतात.

शर्यत चालू असताना टायर झिजतात, पेट्रोल संपते. मोटार बाजूला येऊन थांबली की पाच माणसे धावतात. कोणी जॅक लावतो, कोणी चाके बदलतो, कोणी पेट्रोल भरतो. दहा-बारा सेकंदांत चारी चाके बदलून मोटार पुन्हा रिंगणात! आणखी एक माणूस उंचावर बसून रेडिओवरून सांगत असतो, "डावीकडे मोटार आहे, आता मोकळे आहे." डेटोना इथल्या मोठ्या शर्यतीत चार किलोमीटरचे दोनशे फेरे असतात. म्हणजे आठशे किलोमीटर झाले. वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. मोटारीत भट्टीसारखे तापते. अंगावर न पेटणारे जाड कपडे असतात.

जिवाची भीती आहेच. 2001 साली डेल अर्नहार्ट हा नामांकित ड्रायव्हर डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेऱ्यात भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर मान सावरणारा पट्टा सक्तीचा झाला. रिंगणाच्या भिंतीही धक्का सोसणाऱ्या केल्या गेल्या.

वेंडेल स्कॉटची गोष्ट

मालक नाही, जाहिरातदार नाही, पैसा नाही, असा माणूस काय करतो? वेंडेल स्कॉटची हकीगत ऐका.

व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावी 1921 साली त्याचा जन्म झाला. तो काळ्या लोकांपैकी होता. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या शाळेत, खाणावळीत, मुसाफिरखान्यात जागा नसे. बाप मोटारींची कामे करी. मोटारीचे ज्ञान पोराला त्याच्याकडून मिळाले. शाळा अर्धवट सुटली. वेंडेलने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात गेला, परत येऊन मोटारदुरुस्तीचे काम करू लागला. संसार भागेना म्हणून त्याने चोरटी दारूही वाहिली. एकदा पकडलाही गेला.

1952 साली डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना वाटले, एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर तमाशा म्हणून गर्दी वाढेल. त्यांनी पोलिसांना विचारले, "काळ्या लोकांत मोटार चांगली कोण पळवतो?" पोलिसांनी स्कॉटचे नाव सांगितले. त्याचा पाठलाग त्यांनीच केला होता ना!

स्कॉट उतरला, आणि थांबलाच नाही. कुठे त्याला रिंगणात शिरू देत नसत. कुठे मुद्दाम धडक देत. तो मोटार ओढून घरी आणी, दुरुस्त करी आणि पुन्हा जाई. 1961 साली तो सर्वांत वरच्या शर्यतमालेत पोचला. ड्रायव्हर तो, मालक तो आणि मिस्त्रीही तोच. टायर बदलायला त्याची पोरे. मोटार जुनी, इंजिनाचे भागही जुने. दुसऱ्या बाजूला रिचर्ड पेटीसारखे ड्रायव्हर होते. पेटीचा बाप स्वतः नामांकित ड्रायव्हर. घरचीच मोटार, घरचीच माणसे. पुढे पेटीने दोनशे शर्यती जिंकल्या. तो गुणी होताच, पण त्याच्या पाठीशी घर उभे होते.

1 डिसेंबर 1963 रोजी फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरी शर्यत झाली. मातीचे रिंगण, एक फेरा आठशे मीटरचा, फेरे दोनशे. शेवटचे थोडे फेरे राहिले असताना पेटीची मोटार बिघडली, आणि स्कॉट पुढे गेला. दोनशे फेरे पुरे झाले. पण जिंकल्याचे निशाण कोणी दाखवीना. तो पळतच राहिला. शेवटी बक बेकर नावाच्या गोऱ्या ड्रायव्हरला विजयी ठरवले. चषक घेऊन तो निघून गेला.

स्कॉट म्हणाला, "मी जिंकलो आहे." त्या काळी फेरे माणसे मोजीत आणि कागदावर खुणा करीत. काही तासांनी ते कागद तपासले. तेव्हा निघाले, की स्कॉटने दोनशे दोन फेरे मारले होते! अधिकाऱ्यांनी सांगितले, मोजण्यात चूक झाली. स्कॉटच्या घरच्यांना मात्र हे कधीच पटले नाही. काळ्या माणसाचा सत्कार गोऱ्या लोकांपुढे करायचा नव्हता, म्हणूनच हे केले, असे त्यांचे म्हणणे. बक्षिसाचे पैसे त्याला मिळाले. पण भरल्या मैदानात टाळ्या मिळाल्या नाहीत, आणि खरा चषकही मिळाला नाही.

तरी गडी खचला नाही. 1966 साली वर्षभराच्या गुणांत तो सहावा आला. एकंदर 495 शर्यती तो पळाला. 1973 साली टॅलाडेगा इथे मोठा अपघात झाला, तो जबर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ संपली. 1990 साली तो वारला. त्या एका विजयावाचून दुसरा त्याला लाभला नाही.

2015 साली नॅसकारने आपल्या थोर माणसांच्या यादीत त्याचे नाव घातले. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कुटुंबाला तो चषक समारंभाने दिला. अठ्ठावन्न वर्षे होत आली होती! त्याच वर्षी ऑक्टोबरात बब्बा वॉलेस या काळ्या ड्रायव्हरने टॅलाडेगाची शर्यत जिंकली. स्कॉटनंतर या वरच्या पायरीवर जिंकणारा काळा ड्रायव्हर हाच पहिला.

यातून काय दिसते?

ड्रायव्हर व्हायला हात हवा, डोळा हवा, छाती हवी. वर चढायला पैसा आणि पाठीशी माणसे हवीत. आणि याहून एक गोष्ट मोठी. फेरे मोजणाऱ्याने फेरे खरे मोजले पाहिजेत. ते खोटे मोजले, तर दोनशे दोन फेरे मारूनही माणूस रिकाम्या हाताने घरी जातो.

मजुरीचे हजेरीपत्रक असो, डेअरीतले दुधाचे माप असो, सोसायटीचे खाते असो, तिथेही कोणीतरी आपले फेरे मोजत असतो. आता तुम्हांला वाचता येते. तो कागद मागून घ्या आणि वाचा. आकडा चुकलेला दिसला तर तिथल्या तिथे बोला. आणि मोजण्याचे काम तुमच्याकडे आले, तर ज्याचे फेरे त्याच्याच नावावर लिहा.