शिंगट्याचा चुलतभाऊ

ट्राउट पकडायला लोक जगभरातून ताउपोला येतात. तुरांगी हे गाव तर स्वतःला ट्राउटची राजधानी म्हणवतं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आप्पा सदलग्याहून आमच्याकडे हॅमिल्टनला आले तेव्हा मी ठरवलं होतं, यांना ट्राउट पकडायला न्यायचं. पण आप्पांच्या गळाला लागला तो कॅटफिश, तोही आपल्या रोजच्या वायकाटो नदीत. आणि त्यावरून आमचं नदीकाठीच वाजलं.

मंडळातल्या ज्यांना सदलगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडीच्या बाजूला, दूधगंगेच्या काठी आमचं गाव. सरकार कर्नाटकचं, पण नदी ओलांडली की दत्तवाड, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. आजूबाजूला सगळा ऊस. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म 1946 साली याच गावात झाला. जैन आणि लिंगायत वस्ती मोठी, त्यामुळे गळ टाकणारे आम्ही थोडे, आणि तेही बेताबेतानं. मासे पिशवीत, पिशवीवर गवताची पेंढी, आणि मागच्या गल्लीनं घर. कोणी कधी अडवलं नाही, पण मुद्दाम दाखवतही कोणी नव्हतं.

आप्पांचा आवडता मासा शिंगटा. खवलं नाहीत, लांब मिशा, पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा. तळाशी राहणारा. मिरगाच्या पावसानं नदी तांबडी झाली की आप्पा बंधाऱ्याखालच्या डोहावर जायचे. वेळ तिन्हीसांजेची, गळाला गांडूळ, तंगूस बोटावर गुंडाळलेला. ‘चिलापी टोचतंय, शिंगटा वढतंय,’ ही त्यांची शिकवण. मासा वर आला की घाई करायची नाही. तो काटे ताठ करतो, ते जणू कुलूप लावल्यासारखे अडकतात. मग पोटाखालून हात घालून, काट्यांच्या मागे तळवा आणून धरायचा. मी एकदा घाई केली होती. रात्रभर हात ठणकत होता आणि आईनं हळद बांधता बांधता आप्पांनाच बोल लावले.

आप्पा इथे आले ते आई गेल्यानंतर. घरात आम्ही दोघं नोकरीवर, मुलं शाळेत. आप्पा खिडकीत. टीव्ही लावून दिला तर आवाज बंद करून बघायचे. त्यांनी सामानात काय आणलं तर पानाच्या जुन्या डब्यात बारा गळ! ऑकलंड विमानतळावर फॉर्मवर लिहावं लागलं, कारण मासेमारीचं वापरलेलं सामान इथे जाहीर करावं लागतं. अधिकाऱ्यानं एकेक गळ उजेडात धरून पाहिला, स्वच्छ आहेत म्हणून परत दिले. आप्पांना त्याचं फार कौतुक. ‘माझ्यापेक्षा गळाचीच चौकशी जास्त,’ म्हणाले.

मग मी दोघांचे परवाने काढले आणि एका शनिवारी संध्याकाळी नदीवर गेलो. वायकाटो ताउपो सरोवरातून निघून 425 किलोमीटर वाहते. वरच्या अंगाला ट्राउटचं थंड, नितळ पाणी, पण आपल्याकडे येईपर्यंत ती संथ आणि गढूळ होते. आप्पांनी पाण्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच चेहरा खुलला. ‘ही तर आपल्यासारखीच हाय की!’

अर्ध्या तासात तंगूस ताणला गेला. वर आला तो वीतभर, काळपट तपकिरी, आठ मिशांचा मासा. ब्राऊन बुलहेड कॅटफिश. आप्पांनी तो बरोबर काट्यांच्या मागे धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘शिंगट्याचा चुलतभाऊ. ल्हान हाय, सोडतो.’

‘आप्पा, सोडायचा नाही. मारायचा.’

‘खायचाय?’

‘खायचा असो नसो. इथे हा नको असलेला मासा आहे.’

आप्पांचा एक नियम आहे, जो त्यांनी आयुष्यभर पाळला: जे खायचं नाही ते मारायचं नाही, आणि लहान मासा पाण्यात परत. जैन शेजाऱ्यांत आयुष्य काढलेल्या मासेमाराचा हा नियम. मी समजावू लागलो: हा इथल्या गोड्या पाण्यातली कोऊरा नावाची चिंगाटी खातो, ओलसर राहिला तर पाण्याबाहेरही कितीतरी तास जगतो, बोटीच्या ट्रेलरवरच्या गवतातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातो. आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आनि तुमचा ट्राउट? त्यो हितलाच न्हवं?’

मला उत्तर येईना. फोनवर शोधलं. ब्राऊन ट्राउटची अंडी 1867 मध्ये टास्मानियातून आणली. रेनबो ट्राउट 1883 मध्ये कॅलिफोर्नियातून. आणि हा कॅटफिश त्या दोघांच्या मधला, 1877 चा, तोही अमेरिकेतूनच. शिवाय ताउपोत ट्राउट सोडल्यावर तिथला कोआरो हा देशी मासा, जो माओरी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न होता, झपाट्यानं कमी झाला.

‘म्हंजे दोघंबी भाईरचेच,’ आप्पा म्हणाले. ‘एकाची राजधानी, दुसऱ्याला काठी.’

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहू लागलो.

तरीही मला वाटतं की नियम बरोबर आहे. ट्राउटनं केलेलं नुकसान आता भरून निघत नाही, पण कॅटफिश न पोचलेली तळी अजून आहेत. रोतोइती तळ्यात तो 2016 मध्ये सापडला आणि तिथले स्वयंसेवक अजून जाळी लावून त्याला काढत आहेत. मी हे आप्पांना सांगितलं, पण त्यांना पटलं ते त्यांच्याच आठवणीनं. चिलापी, म्हणजे तिलापिया, भारतात आणली 1952 मध्ये. ‘तवाबी लोक म्हनायचे, मासा त्यो मासा,’ आप्पा म्हणाले. ‘आता बंधाऱ्याखाली गळ टाकला की चिलापीच. शिंगटा नर तळाला खड्डा करून पिल्लं राखतो बग. पर त्यो खड्डा करायला जागा कुटं ऱ्हायली? वाळू उपसली, उन्हाळ्यात पानी न्हाई.’ आफ्रिकन मागूरचंही तेच. त्यावर 2000 साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला गेला.

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग दगडानं एकच घाव घातला. ‘पर टाकायचा न्हाई,’ म्हणाले. त्यानंतर आणखी चार पकडले, पाचही घरी आणले. कातडी सोलली, चिखलाचा वास जायला ताकात ठेवले आणि सदलग्याहून आणलेली कांदा-लसूण चटणी घालून कालवण केलं. धाकट्यानं दोनदा भात मागून घेतला. पुढचे दोन महिने दर शनिवारी आम्ही नदीवर. टीव्ही बंदच राहिला.

ट्राउट मात्र त्यांनी पकडलाच नाही. ताउपोला नेलं तर कृत्रिम माशी लावून मासेमारी करणारे पाहून हसले. ‘खोटं आमिष दावून फसवायचं व्हय?’

जाताना गळांचा डबा माझ्याकडे ठेवून गेले. प्रत्येक वेळी धुवायचे, वाळवायचे, मगच दुसऱ्या पाण्यात, हे त्यांनीच मुलांना दोनदा बजावलं. जूनमध्ये फोन आला. मिरगाचं पाणी आलं होतं. मलिकवाडच्या बंधाऱ्याखाली संध्याकाळभर बसले होते. तीन चिलापी मिळाल्या, आणि एक शिंगटा, बोटाएवढा.

‘सोडला?’ मी विचारलं.

‘मग काय. लई दिसानं दिसला.’