स्वस्तातली जागा : ब्लॉगसाठी होस्टिंग घ्यावे का?

या सत्रात मोठ्या गटातील तीन मुलांनी स्वतःचा ब्लॉग काढायचे मनावर घेतले आहे. एकीला क्रिकेटवर लिहायचे आहे, एकाला आजोळच्या सुट्टीवर. तिसऱ्याचा विषय अजून ठरलेला नाही, नाव मात्र ठरले आहे! त्यांच्या पालकांनी आम्हाला विचारले, "महिना तीन डॉलरला होस्टिंग मिळते म्हणतात, ते घ्यावे का?" आपल्या वर्गाचा ब्लॉग आम्ही अशाच स्वस्त जागेवर चालवत होतो. त्यात फायदा झाला, आणि एकदा चांगलीच फजितीही झाली. म्हणून हा लेख.

आधी छोट्या दोस्तांसाठी. ब्लॉगवरचे लेखन हवेत तरंगत नसते. ते कुठल्यातरी खऱ्याखुऱ्या संगणकावर ठेवलेले असते आणि तो संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. त्यावरची जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. सर्वांत स्वस्त प्रकाराला शेअर्ड होस्टिंग असे नाव आहे. आई-बाबांना मुंबईतल्या चाळी आठवत असतील. खोली आपली, पण नळ, जिना आणि गॅलरी सगळ्यांची. इथेही तसेच. एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे असतात. शेजाऱ्याकडे एकाएकी पाहुण्यांची गर्दी झाली की आपल्या नळाचे पाणी बारीक होते, म्हणजे आपली पाने सावकाश उघडतात. शेजाऱ्याने जगभर फसव्या जाहिरातींची पत्रे धाडली तर सर्व्हरचा पत्ताच बदनाम होतो, आणि त्या पत्त्यावरून गेलेली आपली साधी ई-मेलही लोकांच्या कचरापेटीत पडू लागते.

तरीही चाळीत माणसे सुखाने राहिलीच की! आठवड्याला शंभर-दोनशे वाचक येणाऱ्या ब्लॉगला याहून मोठे घर लागत नाही. वर्डप्रेस ही ब्लॉग चालवण्याची प्रणाली २००३ पासून फुकट उपलब्ध आहे, आणि बहुतेक स्वस्त कंपन्या ती एका बटणावर बसवून देतात. स्वतःचे नाव मिळते, लेखाच्या मध्येच परक्या जाहिराती येत नाहीत. शिवाय फाइली कुठे असतात आणि डेटाबेस म्हणजे काय, हे मुलांना हाताळून कळते. हा शेवटचा फायदा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो.

आता जाहिरातीतला 'अमर्याद' हा शब्द. अमर्याद थाळीच्या खानावळीत मालकाला ठाऊक असते की चाळीस पोळ्या कोणी खात नाही. कोणी खाऊ लागलाच तर वाढपी हळूच दुसरीकडे वळतो. होस्टिंगच्या करारातही बारीक अक्षरात असेच लिहिलेले असते. जागा अमर्याद, पण फाइलींची संख्या इतकीच आणि सर्व्हरचा वेळ इतकाच. अर्थात आपल्याला या मर्यादेची भीती कमीच. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. दोन हजार चिन्हांचा निबंध सहा हजार बाइटचा होतो. फोनवर काढलेला तीस लाख बाइटचा एक फोटो म्हणजे असे ५०० निबंध! तेव्हा फोटो लहान करून चढवा, निबंध हवे तितके लिहा.

मुलांनो, आता पेन्सिल घ्या. समजा महिना ३ डॉलर असा भाव आहे, पण तो तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरले तरच. ३ गुणिले ३६, म्हणजे १०८ डॉलर. तीन वर्षांनंतर भाव महिना ११ डॉलर होतो. ११ गुणिले १२, म्हणजे १३२ डॉलर. चौथ्या एकाच वर्षाचे भाडे आधीच्या तिन्ही वर्षांहून जास्त! आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण रीत हीच आहे. म्हणून पालकांनी पहिला भाव पाहण्याआधी नूतनीकरणाचा भाव पाहावा. पैसे भरतेवेळी दोन-चार चौकोनांत आधीच बरोबरची खूण असते, तीही तपासावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र वेगळे विकत घ्यायला सांगितले तर नको म्हणावे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सर्वांना फुकट देते. ब्लॉगचे नाव नोंदवताना घरचा पत्ता द्यावा लागतो. २०१८ पासून बऱ्याच ठिकाणी तो लोकांना दिसत नाही, पण मुलांच्या ब्लॉगच्या बाबतीत एकदा खात्री करून घ्यावी.

आता आमची फजिती. वर्गाच्या ब्लॉगवर 'आजी-आजोबा सांगतात' हे सदर होते. मुलांनी फोनवर ऐकलेल्या आठवणी लिहून काढलेल्या. जागेची मुदत संपत आली तेव्हा कंपनीची स्मरणपत्रे गेली ती ज्यांनी खाते उघडले त्या पालकांच्या जुन्या पत्त्यावर. ते कुटुंब तोवर दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते, आणि पैसे ज्या कार्डावरून जायचे ते कार्डही बाद झाले होते. ब्लॉग बंद पडला. सुट्टीचे दिवस असल्याने आम्हाला ते कळायलाही उशीर झाला. ब्लॉगचे नावही त्याच कंपनीकडे नोंदलेले होते. ते सोडवायला दंडासह ८० डॉलर पडले. कंपनीने एक जुनी प्रत दिली. ती नव्या जागी उतरवली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हे! ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हे.

असे का व्हावे, ते सांगतो. स्वस्त ठिकाणी वापरला जाणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस मुळात पश्चिम युरोपच्या लिप्या गृहीत धरून मांडलेला होता. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ही सवय बदलली, पण जुनी मांडणी अनेक खात्यांत तशीच राहून गेली. अशा डेटाबेसमधून मजकूर इकडून तिकडे नेताना देवनागरी अक्षर ओळखले गेले नाही की त्या जागी प्रश्नचिन्ह बसते, आणि मूळ अक्षर कायमचे जाते. त्याऐवजी डोक्यावर टोप्या आणि टिंबे असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसली तर घाबरू नये, ती बहुधा परत मराठीत आणता येतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे सगळे कधी कळतही नाही. आपल्याला मात्र जागा घेतानाच विचारायला हवे : "डेटाबेस यूटीएफ-८ चा आहे का?"

बहुतेक लेख या वार्तापत्राच्या झेरॉक्स अंकांत होते. चार पालकांनी दोन रविवार बसून ते पुन्हा टंकलिखित केले. एका आजोबांनी सांगितलेली १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण मात्र लांब म्हणून आम्ही अंकात छापली नव्हती. ती गेली. ते आजोबाही आता नाहीत.

चूक निम्म्याहून जास्त आमची होती. कंपनी प्रत ठेवते, या शब्दांवर आम्ही निश्चिंत राहिलो. महाग जागा घेतली असती तरी ही चूक चूकच ठरली असती. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची सर्व्हरची इमारत जळाली. तेव्हा काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या आणि त्याही गेल्या. फुकट जागेचेही तेच. काही बाबांनी कॉलेजात असताना जिओसिटीजवर आपले पान थाटले असेल. १९९४ साली निघालेली ती वसाहत १९९९ मध्ये याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. वेळेवर उतरवून घेतले त्यांचेच लेखन त्यांच्या हाती राहिले.

तेव्हा आमचे मत असे. एकट्या मुलाने आधी सहा महिने ब्लॉगरसारख्या फुकट जागेवर लिहावे. उत्साह टिकला तर स्वतःचे नाव घ्यावे, वर्षाला दहा ते वीस डॉलर पडतात. ते होस्टिंगच्या कंपनीकडे न नोंदवता दुसरीकडे नोंदवावे, म्हणजे घर बदलले तरी पत्ता आपलाच राहतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून स्वस्त होस्टिंग घ्यायला आमची मुळीच हरकत नाही, मात्र वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्या चढवायचे काम एकाने नियमित अंगावर घ्यावे. जुन्या राहिलेल्या जोडण्यांतूनच चोर शिरतात. सर्व्हर अमेरिकेत असला तर पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांना पान किंचित उशिरा दिसेल. बारा-तेरा हजार किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशालाही काचेच्या तारेतून सेकंदाचा आठवा भाग लागतो. आजी तेवढे थांबतील!

प्रत घेण्याबद्दल एक सूचना. वर्डप्रेसमधून लेखांची जी फाइल उतरते तिच्यात मजकूर असतो, फोटो नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. फोटोंची वही वेगळी उतरवून घ्यावी, आणि प्रत उघडून मराठी नीट वाचता येते का तेही पाहावे.

वर्गाच्या ब्लॉगची पुढची प्रत दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी घ्यायची आहे. मोठ्या गटातील दोन मुले आणि एक पालक हवेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी शिक्षिकाताईंकडे नाव द्यावे. येताना रिकामी पेनड्राइव्ह आणावी.