दहाव्याच्या धावपळीत राहून जाणारी नोंद

लासूर स्टेशनच्या त्या घरात सकाळ नेहमीचीच होती. मुलांचे डबे, संभाजीनगरच्या गाडीची घाई. तेवढ्यात फोन आला: मित्राचे वडील गेले. पुढे दिवसभर कामं झाली, पण जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं.

अशा वेळी मित्राने एक काम अंगावर घ्यावं: मृत्यूची नोंद. १९६९च्या कायद्यानुसार २१ दिवसांत ती मोफत होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क; वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कटकटच!

नोंद राहत्या गावी नव्हे, मृत्यू झाला तिथे होते. घरी झाला तर ग्रामपंचायतीत, संभाजीनगरच्या दवाखान्यात झाला तर महापालिकेकडे. दाखल्याशिवाय वारसनोंद आणि बँकेची कामं अडतात.

नावाचं स्पेलिंगही तपासावं.