एकविसावं गुणसूत्र आणि ग्रहणातली विळी

ज्यांना हेडफोन सापडत नाहीये त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून.

मागच्या महिन्यात दौंडला मावशीकडे गेलो होतो. शेजारी बारसं होतं. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे. पाळण्यामागे कुजबुज चाललेली, "ग्रहणात विळी हातात धरली असणार हिने." मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण शिरूरला परत येताना एसटीत हेच वाचत बसलो.

आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, 23 जोड्या. स्त्रीबीज किंवा शुक्राणू बनताना जोडी सुटते, प्रत्येकाला एकेकच मिळतं. कधी कधी 21 नंबरची जोडी सुटतच नाही. मग बाळात त्या नंबरची तीन, एकूण 47. साधारण 95 टक्के केसेस अशाच. म्हणजे फाईल करप्ट नाही, एक कॉपी जादा आहे. हे 1959 साली फ्रान्समध्ये कळलं.

आता ग्रहणाचं. ही चूक बहुतेकदा स्त्रीबीजात होते. आणि स्त्रीबीजाचं ते विभाजन सुरू कधी होतं? आई स्वतः आजीच्या पोटात असताना! तिथे ते थांबतं, कित्येक वर्षं. म्हणून वयानुसार शक्यता वाढते: पस्तिशीला साधारण 350 बाळांत एक, चाळिशीला 100 त एक. तरी बरीचशी बाळं तरुण आयांचीच, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त. मुद्दा काय, दिवस जायच्या आधीच गोष्ट घडून गेलेली असते. विळी आली कुठून?

तीन-चार टक्के बाळांत 21 नंबरचा जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तो आईकडून येऊ शकतो, तसाच बापाकडूनही. सासरच्यांनी हे वाक्य परत वाचा. कॅरिओटाइप नावाच्या रक्ततपासणीत प्रकार कळतो. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी ती हवीच.

दिसायला? अंग ढिलं, डोळे वर तिरके, नाक बसकं, कान लहान, मान आखूड, पायाच्या अंगठ्याशेजारी मोठी फट, तळहातावर एकच आडवी रेघ. ती रेघ माझ्याही उजव्या हातावर आहे, त्यामुळे एका खुणेवरून कुणावर शिक्का मारू नका. खात्री रक्तातूनच होते.

न दिसणारी गोष्ट जास्त महत्त्वाची. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यामुळे इको लवकर करायचा. थायरॉईडही तपासायचं. 2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे; त्यांचं पथक अंगणवाडीत येतं, तिथे विचारा.

काल मावशीला फोन करून विचारलं, बाळाचा इको झाला का? नव्हता झाला. सोमवारी नेणार आहेत.