सारस : सरोवराचे अपत्य

उत्तर प्रदेशात नोकरीनिमित्त असताना एकदा एका उथळ तळ्याचे कागद माझ्यासमोर आले. त्यांत त्या तळ्याची नोंद ‘पडीक जमीन’ अशी होती. प्रत्यक्ष पाहणीस गेलो, तर त्या पडीक जमिनीत सारसांची एक जोडी उभी होती.

सारसाची उंची पुरुषभर, सुमारे सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांत याहून उंच पक्षी जगात नाही. अंग राखी, पाय लांब व तांबूस, आणि उंच मानेचा वरचा भाग डोक्यासह लालभडक.

त्याच्या नावाची व्युत्पत्ती अगदी सरळ आहे. ‘सरस्’ म्हणजे तळे. जो सरसाचा, तो सारस. ‘सरोवर’ आणि ‘सरस्वती’ या शब्दांतही हेच सरस् आहे. संस्कृतात ‘सारस’ हे कमळाचेही नाव आहे. उलट अमरकोशात या पक्ष्याला ‘पुष्कराह्व’, म्हणजे कमळाचे नाव धारण करणारा, असे म्हटले आहे. एकाच तळ्याची ही दोन अपत्ये परस्परांची नावे वापरतात, यात नवल ते काय?

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी मात्र याच शब्दाचा ‘सायरस’ करून टाकला. लिनियसने 1758 मध्ये त्याला ‘अँटिगोन’ हे नाव दिले. ग्रीक कथेतील ट्रॉयची ही राजकन्या देवीच्या कोपाने पक्षी झाली होती. जहांगीर बादशहाने आपल्या पाळीव सारसांना लैला-मजनू म्हटले, आणि ती जोडी आळीपाळीने अंडी कशी उबवते, हे आपल्या आत्मवृत्तात बारकाईने नोंदवले. या सर्व नावांत कल्पना आहे, भावना आहे. पण पक्ष्याचा ठावठिकाणा सांगणारे नाव एकच, सारस.

महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे, तोही मोजकाच, उरला आहे. तेथील जुने मालगुजारी तलाव आणि धानाची बांधी हेच त्याचे घर. विजेच्या तारा, शेतातील विषारी औषधे आणि आटत चाललेले पाणी, असे तिहेरी संकट त्याच्यावर आहे.

त्या कागदावर ‘पडीक’ हा शब्द खोडून ‘तळे’ असे लिहावे, असा शेरा मी दिला. कारण तळे एकदा पडीक ठरले की ते बुजवायला वेळ लागत नाही. आणि सरसच उरले नाही, तर सारस कोणाचा म्हणवून घेणार?